हॅसलब्लाड ५००सी/एम, बावीस मेगापिक्सेलची बॅक आणि एक पैठणी

मित्राचा फोन आला तेव्हा बॅक खोक्यात परत भरून झाली होती. "अरे, पंधरा फ्रेम मारल्या, पंधराही काळ्या. विकणाऱ्यानं गंडवलं मला."

मी म्हटलं, "खोकं चिकटवू नकोस, येतो मी."

पुढचे तीन आठवडे आम्ही त्याच्या पुण्यातल्या स्टुडिओत जे काही केलं ते सविस्तर लिहितोय. जुन्या मीडियम फॉरमॅट (३५ मिमीपेक्षा मोठ्या फिल्मच्या) कॅमेऱ्याला डिजिटल बॅक, म्हणजे फिल्मच्या डब्याच्या जागी बसणारा सेन्सरचा डबा, लावायची म्हटलं की लोक सेन्सरबद्दल विचारतात, मेगापिक्सेलबद्दल विचारतात. कॅमेऱ्याची तब्येत कशी आहे हे सहसा कुणी विचारत नाही. इथे एकामागून एक चार तक्रारी आल्या आणि चारही वेळा संशय बॅकवर गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं.

सामान आणि काम

कॅमेरा सत्तरच्या दशकातला हॅसलब्लाड ५००सी/एम. सोबत ८० मिमी प्लानार आणि १२० मिमी एफ/५.६ एस-प्लानार. दुसरी लेन्स जवळून नक्कल करण्यासाठीच बनवलेली, त्यामुळे या कामाला तीच. बॅक सेकंडहँड, सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरची: ४९ × ३७ मिमी, २२ मेगापिक्सेल, ९ मायक्रॉनचा एकेक पिक्सेल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या पिढीतल्या बॅका आतून एकमेकींच्या चुलतबहिणी आहेत आणि इथे जे घडलं ते कुठल्याही बॅकबरोबर घडलं असतं.

काम एका कुटुंबाचं होतं. घरातल्या जुन्या पैठणीचा पदर विरत चालला होता. तो प्रत्यक्ष आकारात छापून भिंतीवर लावायचा होता, धागान् धागा दिसेल असा. पदर साधारण ७५ × ११० सेंटिमीटर.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. आजचा जास्त मेगापिक्सेलचा मिररलेस कॅमेरा आणि एक बरी मॅक्रो लेन्स एवढ्यात हे काम निम्म्या वेळात झालं असतं. पण कॅमेरा आणि लेन्स मित्राकडे वीस वर्षं आहेत, त्याचा हात त्यावर बसलाय, आणि ही बॅक नव्या बॉडीपेक्षा स्वस्त पडली. हॅसलब्लाडची स्वतःची डिजिटल बॅकांची सीएफव्ही मालिका याच बॉडीवर बसते. २०२४ मध्ये आलेली १०० मेगापिक्सेलची सीएफव्ही १००सीसुद्धा बसते. पण तिच्या किमतीचा विषय निघाला की मित्र चहा सांगायला बाहेर जातो.

बॅक बसते म्हणजे काय होतं

व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी १९४८ मध्ये जो कॅमेरा आणला त्यातच फिल्मचं मॅगझिन, म्हणजे मागचा डबा, पूर्ण सुटं होतं. १९५७ च्या ५००सी मध्ये शटर बॉडीतून लेन्समध्ये गेलं. १९७० च्या ५००सी/एममध्ये फोकसिंग स्क्रीन, म्हणजे फोकस करताना चित्र जिच्यावर दिसतं ती काच, वापरणाऱ्याला स्वतः बदलता येऊ लागली. एवढं झाल्यावर मधल्या बॉडीत उरलं काय? एक आरसा, मागच्या बाजूला दोन पडद्या आणि बरेचसे दातेरी चक्र. मागच्या ५६ मिमीच्या चौकोनी खिडकीसमोर काय येऊन बसतं याच्याशी बॉडीला घेणंदेणं नाही. खाली दोन आकडे, वर एक खिट्टी, इतकीच जोडणी. म्हणून तर १९९१ च्या सुमारास लीफ कंपनीची पहिली डिजिटल बॅक आली तेव्हा तिला टेकायला हाच कॅमेरा सापडला. ४ मेगापिक्सेल, लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तीन वेगळी एक्स्पोजर, मागे तारेनं बांधलेला संगणक. समोरची वस्तू हलली की संपलं. यॅशिकामॅट किंवा जुळ्या लेन्सच्या रोलायफ्लेक्सवर हे शक्यच नव्हतं, कारण त्यांची पाठ बॉडीचाच भाग असते.

पण खिट्टी लागली म्हणजे बॅकला सगळं कळलं असं नाही. ५००सी/एममध्ये सेलच नाही. जुनी लेन्स धरूनही अख्ख्या कॅमेऱ्यात विजेचा संबंध एकाच जागी येतो, तो म्हणजे लेन्सवरचं फ्लॅशचं सिंक सॉकेट, फ्लॅशची वेळ शटरशी जुळवणारं. शटर उघडलं की तिथे दोन पत्रे एकमेकांना टेकतात. सीएफव्ही बॅका बॉडीच्या यांत्रिक हालचालीवरूनच शटरची वेळ ओळखतात, त्यांना तार लागत नाही. आमच्या बॅकला लागते. लेन्सच्या सॉकेटमधून एक तार बॅकमध्ये जाते, आणि फ्लॅश लावायचा तर तो बॅकच्या दुसऱ्या सॉकेटला.

काळ्या फ्रेम

पहिली तक्रार दहा मिनिटांत सुटली, म्हणून थोडक्यात सांगतो. जुन्या सी मालिकेच्या लेन्सवर एक छोटी पट्टी असते, तिच्यावर व्ही, एक्स आणि एम अशी तीन अक्षरं. व्ही म्हणजे सेल्फ टायमर. एक्स म्हणजे शटर पूर्ण उघडल्यावर सिंक. एम हे जुन्या फ्लॅश बल्बांसाठी. बल्बला पेट घ्यायला वेळ लागतो म्हणून एमवर सिंकचा इशारा शटर उघडण्याच्या काही मिलिसेकंद आधीच जातो. मित्राच्या लेन्सची पट्टी एमवर होती. बॅकला इशारा मिळाला, तिनं फ्लॅश उडवला, फ्लॅश संपला आणि मग शटर उघडलं. सेन्सरनं इमानदारीनं अंधार टिपला.

"वीस वर्षं ही पट्टी इथेच आहे," मित्र म्हणाला. असेलही. तो फिल्म नेहमी दिवसाउजेडात वापरायचा, तारेला काही लावायची वेळच आली नव्हती.

पट्टी एक्सवर घेतली, सॉकेटमधली हिरवट पुटं साफ केली. फ्रेम आली.

वर-खाली सावली

फ्लॅशमध्ये पदरातली जरतार फार चमकत होती. जरीची चमक कुठे येतेय हे आधी दिसावं म्हणून आम्ही सतत जळणाऱ्या एलईडी दिव्यांवर आलो, शटर पाव सेकंदावर. आता काही फ्रेमच्या वरच्या आणि खालच्या कडेला काळपट सावली, मध्ये उजेड. सगळ्यांत नाही, काहींत. मित्राचा निकाल तयार होता: "सेन्सर जातोय."

बॉडीतल्या त्या दोन पडद्या आठवा. बटण दाबलं की आरसा वर जातो, लेन्सचं शटर क्षणभर मिटतं, पडद्या गोठ्याच्या दारासारख्या वर आणि खाली उघडतात, आणि मग लेन्सचं शटर खरं एक्स्पोजर करतं. या पडद्या बोट बटणावर आहे तोवरच उघड्या राहतात. पाव सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये बोट लवकर उचललं तर शटर अजून उघडं असताना पडद्या मिटायला लागतात. त्यांच्या बिजागऱ्या वर आणि खाली, म्हणून झाकलं जातं ते आधी कडांना. सावली अगदी तिथेच होती.

फिल्मवर हे त्याच्या हातून कधीच घडलं नसेल असं नाही. पण बारा फ्रेमच्या रोलमध्ये एखादी बिघडली तर माणूस म्हणतो, एक्स्पोजर चुकलं असेल. इथे फ्रेम दोन सेकंदांत लॅपटॉपवर येते आणि तिच्याशेजारी मागची चांगली फ्रेमही असते.

उपाय साधा: कुलूप लागणारी केबल रिलीज (तारेच्या टोकाचं बटण), आणि शटरचा दुसरा आवाज ऐकू येईपर्यंत ती सोडायची नाही. बॉडीच्या बाजूची छोटी पट्टी दाबून आरसाही आधी वर करून घ्यायचा, म्हणजे त्याचा धक्का एक्स्पोजरमध्ये येत नाही. फ्रेम झाली की हँडल फिरवायचं. आत फिल्म नाही, पुढे सरकायला काही नाही, तरी फिरवायचंच. त्याशिवाय आरसा खाली येत नाही आणि शटरही चढत नाही. मित्राला हे सवयीचं होतं. त्याच्या असिस्टंट मुलीला मात्र शेवटच्या दिवसापर्यंत हसू येत होतं.

मागे सरकलेला फोकस

या दोन तक्रारी म्हणजे नुसता मुखडा होता. तिसरीनं आठवडा खाल्ला.

पदर फलकावर सपाट पसरलेला, कॅमेरा वरून खाली तोंड करून टांगलेला. (वेस्टलेव्हल फाइंडरची, म्हणजे एरवी वरून खाली बघायच्या फाइंडरची, इथे मजा होते. कॅमेरा खाली बघतो तेव्हा फाइंडर आडवा होतो आणि समोर उभं राहून आरामात बघता येतं.) भिंगातून स्क्रीनवर बघून अगदी काटेकोर फोकस केला. स्क्रीनवर धागे लख्ख. लॅपटॉपवर मात्र शंभर टक्के मोठं करून पाहिलं तर सगळं जरा मऊ. हललेलं नाही, धुरकटही नाही, फक्त मऊ.

आता मोजायला बसलो. कॅमेरा आडवा केला, ४९ मिमीच्या बाजूत बरोबर ७५ सेंटिमीटर मावतील इतका दूर, म्हणजे सुमारे २.१ मीटर. प्रतिमेचं प्रमाण १:१५. समोर एक स्टीलची पट्टी तिरकी ठेवली, शून्यावर फोकस केला, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून, म्हणजे एफ/५.६ वर, फ्रेम घेतली. शून्य मऊ, आणि त्याच्या साडेचार सेंटिमीटर मागे पट्टीचे आकडे कापून ठेवल्यासारखे. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

वस्तूच्या बाजूचं अंतर प्रतिमेच्या बाजूला प्रमाणाच्या वर्गानं आकसतं. १५ चा वर्ग २२५. ४५ मिमी भागिले २२५, म्हणजे ०.२ मिमी. फाइंडरमध्ये जिथे फोकस दिसतो आणि सेन्सर जिथे आहे त्या दोन ठिकाणांत एका पोस्टकार्डाच्या जाडीएवढा फरक.

०.२ मिमीनं काय बिघडतं? एफ/५.६ वर त्यातून ०.२ भागिले ५.६ म्हणजे सुमारे ०.०३६ मिमीचा धूसर ठिपका तयार होतो. मीडियम फॉरमॅट फिल्मसाठी ०.०६ मिमीपर्यंतचा ठिपका शार्पच धरायची पद्धत होती. म्हणजे फिल्मवर ही चूक चुकीत गणलीच गेली नसती. आमच्या सेन्सरवर मात्र ०.०३६ मिमी म्हणजे चार पिक्सेल. कॅमेरा काल बिघडला नव्हता, कित्येक वर्षं असाच होता. इतक्या बारीक पट्टीनं त्याला मोजणारं आजवर कुणी आलं नव्हतं इतकंच.

पण दोष बॅकचा की बॉडीचा हे अजून ठरायचं होतं. सेन्सर जागेवरून ०.२ मिमी सरकलेला असू शकतो, अशा बॅका पडतात, उघडल्या जातात. तेव्हा एका ओळखीच्या फोटोग्राफरकडून हॅसलब्लाडचीच ५०३सीडब्ल्यू बॉडी दोन तासांसाठी मागून आणली. तीच लेन्स, तीच बॅक, तीच पट्टी, बदलली फक्त बॉडी. शून्यावर फोकस केला, शून्यच शार्प आलं. बॅक निर्दोष सुटली आणि मित्रानं पहिल्यांदा ते खोकं टेबलाखाली सरकवलं.

बॉडीत ०.२ मिमी जायला जागा किती? लेन्सच्या कड्यापासून फिल्मच्या प्रतलापर्यंतचं अंतर ७४.९ मिमी, ते धातूच्या सांगाड्यात बांधलेलं, सहजासहजी हलत नाही. हलू शकतो तो आरसा. तो खाली येतो तेव्हा मागे फोमच्या छोट्या गाद्यांवर टेकतो. चाळीस-पन्नास वर्षांत हा फोम आधी चिकट होतो, मग त्याची भुकटी होते, आणि आरसा जरासा खाली टेकायला लागतो. मग लेन्स-आरसा-स्क्रीन हा रस्ता लांबतो आणि लेन्स-सेन्सर हा आहे तेवढाच राहतो. स्क्रीनवर बघून फोकस केला की सेन्सरवर त्याच्या मागची जागा शार्प येते. आमची पट्टी नेमकं हेच सांगत होती.

बॉडी घेऊन मी मुंबईला फोर्टात एका जुन्या मेकॅनिक काकांकडे गेलो. त्यांनी लेन्स काढली, टॉर्च मारला, आरशाला करंगळी लावली आणि म्हणाले, "डिजिटल लावलंत ना?" मी विचारलं, "काका, तुम्हाला कसं कळलं?" "फिल्मवाले हे दुखणं घेऊन येत नाहीत."

फोम बदलला, आरशाची टेक आणि स्क्रीनची उंची मोजून बसवली. पडद्यांचंही तेलपाणी करून घेतलं, कारण वंगण सुकलं की त्या उघडायलाही उशीर करतात. शटर तपासताना १/५०० चा वेग बराच मंद निघाला. काकांनी विचारलं, "तेही करू का?" आमचं काम पाव सेकंदावर, म्हणून नको म्हटलं. परत आल्यावर तीच पट्टी, तेच अंतर. फरक दोन-तीन मिलिमीटरच्या आत. प्रतिमेच्या बाजूला तो एका पिक्सेलच्या जवळपास येतो, तो सोडून दिला. एफ/११ वर तो कुठे दिसणारही नव्हता.

स्क्रीनवर आणखी एक काम केलं. ५६ मिमीच्या चौकोनात सेन्सरचा भाग ४९ × ३७ मिमीचाच. पारदर्शक फिल्मवर बारीक रेघा मारून ती स्क्रीनवर ठेवली, नाहीतर कडेचं जे दिसतं ते फ्रेममध्ये येतच नाही. या कापाकापीत ८० मिमीची लेन्सही बदलल्यासारखी वागते. नेहमीच्या ३५ मिमी फिल्मच्या भाषेत सांगायचं तर ६×६ सेंटिमीटरच्या फिल्मवर ती ४४ मिमीसारखी, या बॅकवर ५६ मिमीसारखी. आणि बॅक आडवीच बसते, उभी फ्रेम हवी तर अख्खा कॅमेरा कलंडवायचा. पोर्ट्रेट करणाऱ्यानं हे आधी नीट बघावं. आमचा पदर मात्र फलकावर होता, हवा तसा फिरवता आला.

लाटा

फोकस बसला आणि चौथी तक्रार वर आली. खरं तर ती फोकस बसल्यामुळेच आली. पदराच्या हिरव्या भागावर इंद्रधनुषी लाटा दिसायला लागल्या, मोराच्या अंगावरून तिरक्या जाणाऱ्या. दोन मच्छरदाण्या एकमेकींवर धरल्या की जशी नक्षी उमटते तशी. इथे एक जाळी विणीची, दुसरी पिक्सेलची. फोटोग्राफर याला मोआरे म्हणतात. या जुन्या सीसीडी बॅकांसमोर प्रतिमा किंचित धूसर करणारा फिल्टर नसतो, म्हणून त्या इतक्या शार्प वाटतात आणि म्हणूनच कापडावर फसतात.

भिंगाखाली धागे मोजले: एका मिलिमीटरला सुमारे चार. ७५ सेंटिमीटर एका फ्रेममध्ये घेतले तर कापडाच्या एका मिलिमीटरला सव्वासात पिक्सेल येतात. एक धागा नीट दिसायला किमान दोन पिक्सेल हवेत, म्हणजे सेन्सरची मर्यादा मिलिमीटरला साडेतीनच्या जरा वर. चार धागे तिच्या पलीकडे. जे दिसू शकत नाही ते सेन्सर गाळत नाही, त्याऐवजी खोट्या लाटा दाखवतो.

मित्रानं पहिला उपाय सुचवला तो छिद्र बारीक करायचा, एफ/२२. जुनी युक्ती आहे आणि तिला आधारही आहे. छिद्र बारीक झालं की प्रकाशाच्या विवर्तनामुळे लेन्स आपोआप थोडी मऊ होते. कागदावरच्या हिशेबात या धाग्यांचा कॉन्ट्रास्ट एफ/११ वर ५४ टक्के उरतो, एफ/२२ वर १५. लाटा खरंच विरळ झाल्या. पण त्यांच्याबरोबर जरीच्या कडाही मेल्या. ग्राहकानं धागान् धागा मागितला होता.

मग जवळ जायचं ठरलं. तसंही प्रत्यक्ष आकारात ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर मिलिमीटरला जवळपास १२ पिक्सेल हवेतच, म्हणजे एका फ्रेममध्ये ४६ सेंटिमीटरपेक्षा जास्त रुंदी मावणार नव्हती. ४६ वर करून पाहिलं. करड्या लाटा गेल्या, रंगीत राहिल्या. कारण सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरवे, लाल आणि निळे पाव-पाव. लाल आणि निळ्या रंगाला पिक्सेलची जाळी दुप्पट विरळ दिसते. त्यांची मर्यादा या अंतरावर तीनच्याही खाली, आणि धागे चार. सॉफ्टवेअरमध्ये रंगीत लाटा पुसता येतात, पण पैठणीवर ते करायचं धाडस झालं नाही. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, त्यातली धूपछाँव सॉफ्टवेअरला दोष वाटते आणि तीही पुसली जाते.

३० सेंटिमीटरवर गेलो तेव्हा मिलिमीटरला १८ पिक्सेल झाले, लाल-निळ्याची मर्यादा साडेचार. लाटा संपल्या. सेन्सरपासून पदर जेमतेम एक मीटर.

संग्रहालयांसाठी मल्टिशॉट बॅका असतात. त्या सेन्सर एकेक पिक्सेल सरकवून चार फ्रेम घेतात, म्हणजे प्रत्येक जागी तिन्ही रंग मिळतात. तशी बॅक असती तर ४६ वरच भागलं असतं. आमच्याकडे नव्हती.

कॅमेरा जागेवर ठेवला आणि पदर हलवला. जुन्या रेशमाला ओढायचं नाही, म्हणून सुती चादर घातलेला प्लायवूडचा फलक, त्यावर पदर, आणि कडेला खडूच्या खुणा. चार रकाने, सात ओळी, २८ फ्रेम, प्रत्येकीत शेजारणीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग. सुरुवातीला त्याच दिव्यांत एका कोऱ्या पांढऱ्या कागदाची फ्रेम घेतली, कोपऱ्यांतला उजेड आणि रंगाचा कल सारखा करायला. १२० मिमीवर तो कल नगण्य असतो. ३८ मिमी बायोगॉनसारखी रुंद कोनाची लेन्स असेल तर ती कोरी फ्रेम विसरूच नये, तिची मागची काच सेन्सरच्या इतकी जवळ येते की कडांना रंग चढतो.

जोडल्यावर चित्र झालं सुमारे १३,६०० × १९,९०० पिक्सेलचं.

शूटिंगच्या दिवशी खोळंबा केला तो तारेनं. बॅकला फायरवायर ही जुन्या प्रकारची जोडणी लागते आणि लॅपटॉपला ती असते हेच माहीत नाही. एकाला एक अशी दोन अडॅप्टरं जोडली, त्यांतलं मधलं गरम झालं की जोडणी तुटायची. विसाव्या फ्रेमनंतर आम्ही तार काढली आणि उरलेल्या आठ फ्रेम सीएफ मेमरी कार्डावर घेतल्या.

छापील पदर घेऊन गेलो तेव्हा त्या घरातल्या आजींनी चष्मा वर करून कोपरा नीट पाहिला. तिथे मूळ पदरात रफू आहे, वेगळ्या हिरव्या धाग्याचा. "हे पण आलं की," त्या म्हणाल्या. आम्हाला तो रफू लॅपटॉपवर दिसला होता, पण आम्ही त्याला लाटांचा उरलेला डाग समजून दोन दिवस त्याच्यामागे लागलो होतो.